दिवसा आरसा, सांजेला काच

गेवराई,
बुधवार, दुपार

प्रिय माले,

पाकिटावर 'सौ. विजयमाला' असं लांबलचक नाव घातलंय ते पोस्टमनसाठी. मला तू मालाच. पत्र हातात पडल्याबरोबर 'कोण गेलं?' म्हणून छातीला हात लावशील, म्हणून आधीच सांगून टाकते, कुणी गेलेलं नाही. सगळे बरे आहेत, तुझ्या दादाची शुगरसुद्धा. फोन कावून केला न्हाई, असंही विचारशील. तर बाई, फोन केला की तू 'ठेवते गं' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. गेल्या दोन वर्षांत आपण दोघी फोनवर जे काही बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्ता लिहायला जागा उरेल. कागद असा मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी तू वाचणार. हॉस्टेलवर तू माझी पत्रंसुद्धा माझ्या आधी वाचायचीस. अंबाजोगाईच्या त्या खोलीतून सुट्टीला घरी गेलीस की तू मला लिहायचीस, आणि त्यात अर्धं पत्र तुमच्या म्हशीचं असायचं. तिनं आज काय खाल्लं, कुणाला लाथ मारली, कुणावर रुसली. मी ते सगळं प्रेमानं वाचलं. तेव्हा या पत्रात अर्ध्याहून जास्त मजकूर काचेचा असणार आहे, तो तूही प्रेमानं वाच.

होय, तीच काच. नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते ती. तुझा दादा पुण्याला एका मित्राच्या मुलाचं ऑफिस बघून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात काच शिरली. वर राहायचं घर, खाली हॉल, आणि हॉलला रस्त्याच्या बाजूनं जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. रस्ता पश्चिमेला. गवंडी म्हणाला ऊन येईल, मी म्हणाले ऊन येईल, शेजारच्या फरजानाभाभी म्हणाल्या ऊन लई येईल. तुझा दादा म्हणाला, "पुण्यात काय ऊन न्हाई व्हय?" आणि वास्तुशांत धरली ती नेमकी वैशाखात. पंगत हॉलमध्येच बसवली, लोकांनी काच बघावी म्हणून. दुपार कलली आणि ऊन येऊन पंगतीत बसलं. श्रीखंडाचं ताक झालं. सोयरे एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्या हातानं लग्नपत्रिकांचे पंखे करून वारा घेत होते. आणि तू, जिच्या पोटात आयुष्यात कधी काही राहिलं नाही, सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालीस, "दादा, हे घर बांधलंस का भट्टी?" लोक हसले. लोक हसले नसते तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला अजून वाटतं. तुझा दादा उन्हानं आधीच लाल झाला होता, तो आणखी लाल झाला आणि म्हणाला, "तुला गार पायजे तर जा की तुझ्या तलवाड्याला." तू पानावरून उठलीस. आम्हाला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाशील आणि परत येशील. तू थेट तलवाड्याला गेलीस. मग राखी आली, भाऊबीज आली, परत राखी आली. त्यानं बोलावलं नाही आणि तू आली नाहीस. मला या घरात तूच आणलंस, माले. हॉस्टेलच्या खोलीत भावाचा फोटो दाखवून म्हणाली होतीस, "जरा तापट हाय, पण मनाचा लई चांगला." मला आणून सोडलंस आणि स्वतः निघून गेलीस. असो. काचेचं सांगत होते.

तू गेल्यावर हॉल भाड्यानं दिला. हरिबा म्हणून एक जण आला, साड्यांचं दुकान काढलं. काचेमागं साड्या लावल्या, पुतळ्या उभ्या केल्या, रस्त्यानं जाणारी प्रत्येक बाई थांबायची. पहिला उन्हाळा लागला आणि साड्या उडायला लागल्या. म्हणजे रंगानं. काचेकडची बाजू बदामी आणि भिंतीकडची गुलाबी. हरिबा हुशार. त्यानं 'डबल शेड' म्हणून त्याही विकल्या. पण पुढं पुतळ्यांच्या नाकाचे पोपडे सुटले. नाक सोललेल्या पुतळीच्या अंगावरची साडी कोण घेईल? हरिबा गेला. जाताना तुझ्या दादाला म्हणाला, "मालक, इथं साड्या न्हाई, मनुके करा."

मग मी म्हटलं, आता माझं ऐका. गेवराईत पोरं स्पर्धा परीक्षांना बसतात, घरी टीव्ही, पाहुणे, गुरं, अभ्यासाला कोपरा नाही. आपण अभ्यासिका काढू. टेबलं आली, खुर्च्या आल्या, पोरं-पोरी आल्या. चांगली पोरं गं. सकाळी सगळी आपापल्या जागी बसायची, पण दुपारनंतर ऊन जसजसं आत सरकायचं तसतशी खुर्च्यांसकट मागं सरकायची. संध्याकाळपर्यंत आख्खा हॉल मागच्या भिंतीला चिकटलेला, मेंढरं झाडाखाली बसतात तसा, आणि पुढची टेबलं मोकळी. पडदे लावले तर अंधार, म्हणून दिवे लावले, तर दिव्यांचा उकाडा. मग काचेला वर्तमानपत्रं चिकटवली. तर पोरं पुस्तकं सोडून काचेवरच्या वधू-वरांच्या जाहिराती वाचायला लागली. शेवटी एसी बसवला. तो दिवसभर ट्रॅक्टरसारखा धडधडायचा आणि त्याच्याखाली पोरं घामेजलेली. आमची वैष्णवी म्हणून एक अभ्यासू मुलगी आहे, ती एकदा म्हणाली, "मॅडम, एसी गार देतोय, काच गरम देतीय. त्या दोघांच्या भांडणात आमी मरतोय." मला हसू आलं आणि लगेच गेलंही. दोघांच्या भांडणात मध्ये सापडलेल्याचं काय होतं ते मला तिच्याहून जास्त माहीत आहे.

या फाल्गुनात तुझ्या दादाची जीप काचेच्या कामाला फरजानाभाभींच्या आमेरकडं गेली. आमेर, त्यांचा थोरला. तो गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचा. गाड्यांना काळी फिल्म लावली की पोलीस धरतात, म्हणून आता त्यानं घरांच्या काचांना लावायचं काम काढलंय. बोलायला तो असा की मेलेल्या माणसाला हवामान समजावून सांगेल. जीप परत आणून दिली आणि आमच्या दारात स्टूल ठेवलं, त्यावर एक लाकडी खोकं, आत भट्टीसारखा तापणारा दिवा, समोर काचेचे दोन तुकडे, एक नुसता आणि एक फिल्म लावलेला. "काका, हात धरा." तुझ्या दादानं नुसत्या काचेपुढं हात धरला आणि झटक्यानं मागं घेतला. फिल्मवाल्या काचेपुढं धरला आणि तिथंच ठेवला. मग गाल धरला. मग मला बोलावलं. मग रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना बोलावून त्यांचे गाल धरायला लागला, जणू खोकं त्यानंच शोधून काढलं होतं. "पन पोरांना अंधार व्हईल," असं म्हणाला, तर आमेर म्हणतो, "उजेड आत येनार काका, ऊन भाईर राहनार. आन् भाईरून बघनाऱ्याला आरसा. फकस्त एक ध्यानात ठेवा, जिकडं उजेड जास्त तिकडं आरसा. दिवस मावळला आन् आत दिवे लागले की उलटं व्हतं." हे शेवटचं मी ऐकलं. तुझा दादा तोवर पाचव्या माणसाचा गाल खोक्याला लावत होता.

साबणाचं पाणी मारून, रबरानं निपटून, कडा कापून आमेरनं काम केलं. सुरुवातीला आत पाण्याचे बारीक फुगे दिसत होते. ते आपोआप वाळतील, हात लावू नका, असं बजावून तो गेला. तुझा दादा रोज सकाळी उठून एकेक फुगा अंगठ्यानं दाबत बसायचा. आमेरनं एकदा पकडलं आणि म्हणाला, "काका, जखमेची खपली न्हाई ती, खाजवू नका!" फुगे वाळले. आणि मग ती पहिली दुपार. माले, खुर्च्या हलल्याच नाहीत! ऊन काचेपर्यंत आलं आणि दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं तिथंच थबकलं. आत छान मऊ उजेड. संध्याकाळ व्हायला आली आणि एसीचा आवाज एकदम बंद पडला. तुझा दादा धावत आला, त्यानं एसीच्या पोटाला चापट मारली, बटणं दाबली, आमेरला शिव्या घातल्या. आमेर येऊन बघतो तर काय, खोली गार झाली म्हणून ते यंत्रासारखं यंत्र दम खायला थांबलं होतं! आला त्या दिवसापासून त्याला थांबायला मिळालंच नव्हतं, म्हणून थांबलेला एसी कसा असतो ते आम्हाला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी तुझ्या दादाकडं नुसतं बघितलं. त्याला कळलं मी काय म्हणतेय ते. तो म्हणाला, "काच चांगलीच व्हती. फकस्त तिच्या अंगावर कापड नव्हतं." तुझं नाव त्यानं काढलं नाही.

आता आरशाची गंमत ऐक. रस्त्यावरून आमची काच म्हणजे लख्ख आरसा, आख्ख्या गेवराईत नसेल एवढा मोठा. आणि आतून सगळं स्वच्छ दिसतं. लोकांना वाटतं आत कुणी नाही. आत चाळीसेक पोरं श्वास रोखून बघतायत! फरजानाभाभींचा बोकड पहिल्याच दिवशी आला, समोर तसाच बोकड बघितला आणि टकरा घ्यायला लागला. शेवटी खालच्या बाजूला बाहेरून पोती बांधली. एक मुलगा मुलगी बघायला निघालेला, त्याची आई त्याच्या केसांना थुंकी लावून बसवत होती आणि तो 'मला वाचनाची आवड आहे' हे पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. आणि बबनराव! आपल्या वॉर्डातून उभं राहायचं त्यांच्या मनात आहे, हे तुला माहीतच असेल. ते रोज सकाळी फिरून येताना थांबतात आणि हात जोडायचा सराव करतात. छातीशी जोडून बघतात, कपाळाशी जोडून बघतात, मग हसून बघतात, मग दात न दाखवता हसून बघतात, मग भाषणाची दोन वाक्यं म्हणून बघतात. उत्तरेश्वर म्हणून आमच्याकडं एक उंच मुलगा आहे, तो आतून कागदावर गुण लिहून सगळ्यांना दाखवतो. आवाज करायचा नाही असा नियमच आहे अभ्यासिकेचा, त्यामुळं पोरं तोंडात रुमाल कोंबून हसतात. अभ्यासाचं थोडं नुकसान होतं, पण माणसं ओळखायला शिकतात. उद्या तहसीलदार झाली की उपयोगी पडेल.

पण खरी गंमत आपल्या घरातली. रविवारी संध्याकाळी अभ्यासिका बंद असते. त्या रविवारी मी वर भाकरी थापत होते, तर फरजानाभाभी जिना चढून धापा टाकत आल्या, "भाभी, जल्दी जाओ, भाईसाब पूरे दिखरे!" मला आधी कळेचना कुठं दिखरे, काय दिखरे. आतल्या जिन्यानं खाली आले. बघते तर हॉलचे सगळे दिवे लखलखीत, आणि मधोमध तुझा दादा. बनियन, लुंगी, डोक्याला आणि मिशीला काळी मेंदी थापलेली, खांद्यावर जुना टॉवेल. काचेत स्वतःकडं बघत उभा. बाहेर अंधार, आत उजेड, म्हणजे आरसा आता आमच्या बाजूनं होता आणि रस्त्याला सगळं दर्शन. त्याला वाटलं काचेपलीकडं कुणाला काही दिसत नाही. मी हाक मारणार होते, पण तो बोलत होता. काचेकडं बघून, हातवारे करून. "माले," तो म्हणाला, "तू म्हणलीस ते खरं व्हतं. पन चारचौघात कावून म्हणलीस?" मग मान हलवली, "न्हाई, असं न्हाई." परत सुरुवात केली, "माले, झालं ते झालं, आता..." परत थांबला. मिशीवरची मेंदी हनुवटीवर ओघळली ती पुसली, आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणाला, "जेवून तरी जायचं व्हतंस." ते मी ऐकलं, माले. रस्त्यावरच्या लोकांना आवाज येत नव्हता, त्यांना फक्त काळ्या मिशीचा माणूस हात पसरताना दिसत होता.

मी जाऊन दिवे घालवले. तो खेकसला, "दिवा कावून घालवलास?" आणि दिवे गेल्याबरोबर काचेतून रस्ता दिसायला लागला. खांबावरच्या दिव्याखाली निम्मी गल्ली उभी होती. कुणी भजी खात होतं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा दादा टॉवेल तोंडावर घेऊन जिन्यानं असा वर पळाला की वयाचं भान राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव आले. चहा घेतला नाही, हे वाईट लक्षण. म्हणाले, "आदिनाथराव, तुमी उभं राहनार असाल तर आदी सांगायचं. आपली जुनी सोयरीक. काल लोकांनी डोळ्यांनी बघितलं तुमचं भाषण." आता तुझा दादा काय सांगणार? बहिणीशी काय बोलायचं ते पाठ करत होतो, असं? त्यानं मिशीवर हात फिरवला, ती अजून हाताला लागत होती, आणि म्हणाला, "इचार चालू हाय." झालं! तेव्हापासून गल्लीत तो उमेदवार आहे. हॉटेलवाला चहा फुकट देतो. परवा तर नालीच्या कामाचा अर्ज घेऊन एक जण घरी आला होता. नको नको म्हणता त्यानं तो वाचलाही.

आता तुझ्याबद्दल लिहिते. इतका वेळ लिहीत होते पण तुझ्यापर्यंत यायला हात धजत नव्हता. माले, तू दर मंगळवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडं येतेस ना, आमच्यापलीकडच्या इमारतीत? मला माहीत आहे, कारण तू आमच्या काचेसमोरून जातेस. पहिल्या मंगळवारी तू थांबलीस, पदर सारखा केलास आणि गेलीस. मी आत टेबलाशी बसले होते. दुसऱ्या मंगळवारी तू दाराच्या मुठीला हात लावलास आणि काढून घेतलास. तिसऱ्या मंगळवारी तू आरशासमोर उभी राहून बोलायला लागलीस. बोट नाचवत, कमरेवर हात ठेवून, जशी हॉस्टेलच्या मेसवाल्याशी भांडायचीस तशी. पोरांनी बबनरावांच्या ओठांवर इतका सराव केलाय की त्यांना आता काचेआडूनही बोलणं कळतं. वैष्णवी हळूच म्हणाली, "मॅडम, त्या काकू म्हणतायत, 'दादा, बरा हायस का?' मग म्हणतायत, 'न्हाई, आदी तू बोल.'" मी सांगितलं, त्या माझ्या नणंद. आणि माझ्या मैत्रीण. त्यानंतर उत्तरेश्वरनं तुला कधी गुण दिले नाहीत. उलट तो म्हणाला, "दार उघडून बोलवू का?" मीच नको म्हटलं. मला वाटलं, कुणी बघितलं हे कळलं तर तू लाजून पुन्हा या रस्त्यानं येणारच नाहीस. आणि मला असंही वाटत होतं की दोघांचंही पाठांतर चाललंय, कधीतरी कुणाचं तरी पाठ होईल.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. मागच्या मंगळवारी तुझा दादा वर्तमानपत्र वाचायला खाली येऊन बसला होता, अगदी काचेजवळच्या टेबलाशी. तू आलीस. त्याला मी आधी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्यानं मान वर केली तर समोर तू. हातभर अंतरावर. तो उभा राहिला. तू आरशात बघत होतीस, कानामागचे पांढरे केस बोटानं दाबत होतीस, आणि तो तुझ्याकडं बघत होता. "वाळलीय लई," एवढंच म्हणाला. आणि मग तू काय केलंस, कपाळाला दोन्ही हातांचा आडोसा धरून काचेला डोळे लावलेस, आत बघायला. आमेर सांगतो, असा आडोसा केला की बाहेरून आतलं दिसतं. तुझा दादा त्या क्षणी टेबलाखाली गेला. एवढा मोठा माणूस, धपकन खाली. मग तू वळलीस आणि झपाझप निघून गेलीस, गुडघा दुखत असतानाही. तुला दिसला असणार तो, माले. तुला वाटलं असणार, मला बघून दादानं तोंड लपवलं. त्यानं लपवलंच, पण का ते तुला दिसलं नसेल. तो रडत होता. पोरांसमोर, हमसून. खालून म्हणाला, "पेन पडलंय." पेन त्याच्या खिशातच होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आणि तरी हॉलमधली सगळी पोरं खुर्च्यांवरून उतरली आणि न पडलेलं पेन फरशीवर शोधायला लागली, म्हणजे त्याच्याकडं कुणी बघायला नको. तो बाहेर पळाला तेव्हा तुझी रिक्षा वळून गेली होती. काल परत मंगळवार होता. तू आली नाहीस. त्यानं सकाळपासून पांढरा सदरा घातला होता आणि अभ्यासिकेचं दार दगड लावून सताड उघडं ठेवलं होतं, तू आरशात अडकू नयेस म्हणून. आजही उघडं ठेवलंय. बाहेर वैशाख पेटलाय, फिल्म लावून एवढी राखलेली गार हवा सगळी रस्त्यावर चाललीय, एसी पुन्हा ट्रॅक्टरसारखा ओरडतोय, बोकड आत येऊन टेबलाखाली झोपलाय. पोरांची परीक्षा तोंडावर आलीय, घामानं कागद भिजतायत, पण 'दार लावा' असं एकानंही म्हटलेलं नाही. मी हे लिहितेय हे त्याला ठाऊक नाही. मंगळवारची वाट बघू नकोस, हे वाचून झालं की निघ. ये माले, जेवायलाच ये. तू आत आलीस की दार लावून घेऊ.

नात्यानं वहिनी, पण त्याच्या आधीपासून तुझीच,
मनिषा